सामाईक धारास्रोत: मेश पद्धतीतील एक अडचण आणि तिची उकल

विद्युत परिपथातल्या धारा काढण्याच्या दोन रूढ रीती आहेत, एक नोडची (तारा मिळतात त्या बिंदूची) आणि दुसरी मेशची. मेश पद्धतीत परिपथाचा नकाशा कागदावर असा काढतात की एक तार दुसरीला ओलांडून जात नाही. मग कागदावर तारांनी वेढलेली बंदिस्त घरे दिसू लागतात. ज्या घराच्या पोटात दुसरे घर नाही, ते मेश. प्रत्येक मेशमध्ये एक धारा गोल फिरते आहे असे मानायचे, त्या मेशच्या कडेने एक फेरी मारायची आणि वाटेत व्होल्टेज किती चढले, किती उतरले याचा हिशेब ठेवायचा. फेरी निघाल्या जागी परत आली की बेरीज शून्य झाली पाहिजे. जितके मेश तितकी समीकरणे, आणि तितक्याच अज्ञात धारा.

या रीतीच्या मुळाशी गुस्ताव किरखॉफ यांचे दोन नियम आहेत. क्योनिग्सबर्ग येथे विद्यार्थी असतानाच, १८४५ मध्ये, त्यांनी ते मांडले. एका बिंदूत जितकी धारा येते तितकीच बाहेर पडते, हा पहिला. आणि बंदिस्त फेरीत व्होल्टेजची बेरीज शून्य, हा दुसरा. हे नियम जसेच्या तसे वापरले तर प्रत्येक शाखेची धारा ही एक स्वतंत्र अज्ञात संख्या ठरते आणि समीकरणांचा ढीग पडतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी यावर तोड काढली. शाखेला धारा न देता घराला धारा द्यायची. गोल फिरणारी धारा ज्या बिंदूत शिरते त्यातूनच बाहेर पडते, त्यामुळे पहिला नियम आपोआप पाळला जातो आणि फक्त दुसरा लिहायचा उरतो. मॅक्सवेल १८७९ मध्ये वारले. त्यांचे विद्यार्थी जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १८८५ मध्ये ही रीत एका लेखातून सविस्तर मांडली. आज अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकवतात ती मूलतः हीच.

ही फेरी सुरळीत होते ती एका अटीवर. वाटेत लागणाऱ्या प्रत्येक शाखेचे व्होल्टेज सांगता आले पाहिजे. रोध लागला तर ओहमचा नियम आहे, धारा गुणिले रोध. बॅटरी लागली तर तिचे व्होल्टेज तिच्यावरच छापलेले असते. धारास्रोत लागला की मात्र लेखणी थांबते. धारास्रोतातून किती धारा वाहणार हे पक्के असते; त्याच्या दोन टोकांत किती व्होल्टेज पडणार हे तो स्वतः ठरवत नाही, बाहेरचा परिपथ ठरवतो. म्हणजे फेरीत जी संख्या हवी तीच नेमकी हाताशी नसते. मॅक्सवेल यांच्या काळात परिपथ म्हणजे बहुतांशी बॅटऱ्या आणि रोध, त्यामुळे ही अडचण फारशी जाणवण्याजोगी नव्हती. धारास्रोत ही कल्पना परिपथशास्त्रात रुळली ती बेल लॅबोरेटरीतले एडवर्ड नॉर्टन आणि जर्मनीतले हान्स फर्डिनांड मायर यांच्या १९२६ मधल्या कामानंतर.

पांढुर्णा आणि सौंसर भागात धारास्रोत पाहायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातल्या या दोन तहसिली संत्र्याच्या आणि कापसाच्या. मृग बहार असो की आंबिया, ताण तोडायच्या वेळी बागेला पाणी मिळालेच पाहिजे, आणि शेतीची लाईन आपल्या वेळेने येते. म्हणून सौर पंपांकडे ओढा आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेतल्या ५ एचपी पंपाला ४,८०० वॅटचे पॅनेल लागतात. त्याहून कितीतरी लहान पॅनेल जागलीच्या खोपडीवर दिसतो. रानडुकरे आणि रोही यांना अडवणारे झटका मशीन, एकदोन दिवे, एखादा पंखा एवढ्यासाठी तो बसवलेला असतो.

हा पॅनेल म्हणजे व्यवहारातला धारास्रोत. ३६ सेलचा, ‘१२ व्होल्टचा’ म्हणून विकला जाणारा पॅनेल घेतला तर त्याची टोके मोकळी ठेवल्यावर २१-२२ व्होल्ट मिळतात. पण टोके एकमेकांना थेट जोडली तरी, किंवा त्यांच्यात १२-१३ व्होल्ट असले तरी, त्याच उन्हात धारा जवळपास तेवढीच मिळते. धारा किती, हे ऊन ठरवते. व्होल्टेज किती, हे जोडलेली बॅटरी आणि भार मिळून ठरवतात. ‘१२ व्होल्ट’ हा त्याच्यावरचा आकडा पॅनेलच्या स्वभावाचा नव्हे, तो ज्या बॅटरीशी जोडायचा तिचा आहे. हे लक्षात न घेतल्याने अनेक वायरिंगवाले पॅनेलला बॅटरीचा भाऊ समजतात, आणि हिशेब तिथेच चुकतो.

खोपडीचा परिपथ असा धरू. डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी. तिचा आतला रोध आणि तारांचा रोध मिळून ०.५ ओहम. मध्ये पॅनेल, चांगल्या उन्हात ३ अँपिअर धारा वरच्या तारेकडे ढकलणारा. उजवीकडे दिवे-पंखा मिळून ५.५ ओहमचा भार. खालची तार तिन्हींना सामाईक. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर असला तर चार्जिंगच्या वेळी तो पॅनेल सरळ बॅटरीला जोडून देतो, म्हणून हिशेबातून तो वगळला आहे. पंख्याची मोटर आणि एलईडी दिवा हे खरे तर शुद्ध रोध नव्हेत. आकडे सुटसुटीत राहावेत म्हणून तसे मानले आहे, रीतीत त्याने फरक पडत नाही.

या नकाशात दोन मेश आहेत, आणि पॅनेल दोघांच्या मधल्या शाखेत. डाव्या मेशची धारा क, उजव्याची ख, दोन्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. पॅनेलचे व्होल्टेज माहीत नाही, तर त्याला व म्हणून पुढे जाता येते. डाव्या मेशची फेरी:

१२ − ०.५क − व = ०

उजव्या मेशची फेरी:

व − ५.५ख = ०

समीकरणे दोन, अज्ञात तीन. तिसरे समीकरण पॅनेल स्वतः देतो. मधल्या शाखेत क वरून खाली येते, ख खालून वर जाते; पॅनेल ३ अँपिअर वर ढकलतो. म्हणून

ख − क = ३

एवढ्यावर उत्तर निघते. पण पहिली दोन समीकरणे नीट पाहिली तर एकात व वजा आहे, दुसऱ्यात अधिक. बेरीज केली की तो उडून जातो:

१२ − ०.५क − ५.५ख = ०

हे समीकरण कोणत्या फेरीचे आहे? बॅटरीतून निघून, वरच्या तारेने पार भारापर्यंत, आणि खालच्या तारेने परत. मधल्या शाखेत पाऊल न टाकता दोन्ही मेशच्या बाहेरच्या कडेने मारलेली ही फेरी. यालाच सुपरमेश म्हणतात. दोन वावरांच्या मधला सामाईक धुरा सोडून दोन्ही वावरांच्या बाहेरच्या धुऱ्याने चक्कर मारावी, तसे. पाठ्यपुस्तकात सुपरमेश बहुधा एक नवा नियम म्हणून येतो आणि विद्यार्थी तो पाठ करतात. तो नवा नियम नाही. अज्ञात व्होल्टेज असलेल्या शाखेतून दोन उलट दिशांनी एकेकदा गेले की ते व्होल्टेज कटते, इतकीच ती गोष्ट. सुपरमेश म्हणजे ती बेरीज कागदावर न करता आधीच करून टाकणे. दोन फेऱ्यांची एक झाल्याने एक समीकरण कमी पडते, आणि ती उणीव स्रोताच्या धारेचे समीकरण भरून काढते. हिशेब कुठेही तुटत नाही.

आता ख च्या जागी क + ३ घालून

१२ − ०.५क − ५.५क − १६.५ = ०

६क = −४.५, म्हणून क = −०.७५ अँपिअर आणि ख = २.२५ अँपिअर. क चे ऋण चिन्ह पाहून गोंधळायचे कारण नाही. बॅटरीतून धारा बाहेर येते असे मानून क ची दिशा घेतली होती. उत्तर सांगते की ती ०.७५ अँपिअरने आत जाते आहे, म्हणजे बॅटरी चार्ज होते आहे. पॅनेलच्या ३ अँपिअरपैकी २.२५ भाराला आणि उरलेली बॅटरीला. पॅनेलचे व्होल्टेज ५.५ गुणिले २.२५, म्हणजे १२.३७५ व्होल्ट. बॅटरीकडून पाहिले तर १२ अधिक ०.५ गुणिले ०.७५, तेही १२.३७५. दोन्ही बाजूंनी तोच आकडा आला की उत्तर बरोबर आहे याची खात्री पटते. शक्तीचा मेळही घालता येतो. पॅनेल ३७.१२५ वॅट देतो. भार सुमारे २७.८४ वॅट घेतो, बॅटरीत ९ वॅट साठतात, आणि तारेत व बॅटरीच्या आतल्या रोधात सुमारे ०.२८ वॅट उष्णता होऊन जातात.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ख − क = ३ या ओळीत. दिशा न पाहता क − ख = ३ लिहिले तर क = ४.७५ आणि ख = १.७५ येते. आकडे दिसायला बरे आहेत, ऋण चिन्हही नाही, म्हणून ते तपासावेसे वाटत नाहीत. पण त्यांचा अर्थ असा निघतो की भर उन्हात पॅनेल बॅटरीतून ३ अँपिअर ओढून घेतो आहे आणि भाराला जेमतेम ९.६ व्होल्ट मिळत आहेत. कागदावर हे उत्तर खपून जाईल; शेतात खपणार नाही. म्हणून सामाईक स्रोताचे समीकरण लिहिताना आधी बाण काढायचा, मग त्या बाणाच्या दिशेने जाणारी मेशधारा अधिक आणि उलट जाणारी वजा, हा क्रम सोडू नये.

ढग आला आणि पॅनेलची धारा ३ ऐवजी १.५ अँपिअर झाली असे धरू. फेरीचे समीकरण जसेच्या तसे राहते, फक्त ख − क च्या ओळीतली संख्या बदलते. ६क = १२ − ८.२५, म्हणून क = ०.६२५, ख = २.१२५. चिन्ह पालटले, आता बॅटरी भरत नाही, रिकामी होते आहे, आणि भाराचे व्होल्टेज ११.६९ च्या आसपास उतरले. रात्री पॅनेलची धारा शून्य, म्हणून क आणि ख सारख्या, २ अँपिअर, व्होल्टेज ११. बॅटरी ना भरते ना रिकामी होते अशी सीमा कुठे, हेही त्याच समीकरणातून मिळते. क शून्य ठेवला की पॅनेलची धारा १२ भागिले ५.५, म्हणजे सुमारे २.१८ अँपिअर येते. ऊन त्याखाली गेले की जागल्याचा पंखा बॅटरीवर चालू आहे असे समजावे. भाराच्या बाजूला बसून पाहणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. २.२५ चे २.१२५ झाले तर पंख्याच्या आवाजात फरक पडत नाही. बॅटरीच्या शाखेत मात्र धारेची दिशा उलटलेली असते.

पॅनेल खोपडीच्या छपरावर नसून लांब बांधावर असेल तर त्याच्या तारेत रोध येतो, समजा ०.२ ओहम. हा रोध धारास्रोताच्या एकसरीत, त्याच मधल्या शाखेत आहे. सुपरमेशची फेरी त्या शाखेतून जातच नाही, म्हणून क आणि ख यांत तसूभरही फरक पडत नाही. फरक पडतो तो पॅनेलच्या टोकांवर. त्याला आता १२.३७५ अधिक ०.६, म्हणजे १२.९७५ व्होल्टवर काम करावे लागते. तार लांबली म्हणून चार्जिंग कमी झाले, अशी तक्रार पॅनेलच्या तारेबाबत बहुधा खरी नसते, जोवर पॅनेल आपल्या सपाट टप्प्यात आहे तोवर. बॅटरीच्या तारेबाबत मात्र ती खरी असते, कारण ती तार फेरीत येते.

दोन स्रोत शेजारी आले तर सुपरमेश वाढतो. मालकाने भाराजवळ आणखी एक लहान पॅनेल बसवला, २ अँपिअरचा, आणि दोन पॅनेलमधल्या वरच्या तारेचा रोध ०.२५ ओहम. आता मेश तीन: क, ख, ग. दोन्ही मधल्या शाखांत धारास्रोत, म्हणून तिन्ही मेश मिळून एकच बाहेरची फेरी:

१२ − ०.५क − ०.२५ख − ५.५ग = ०

आणि दोन जोडसमीकरणे, ख − क = ३ आणि ग − ख = २. सगळे क मध्ये मांडले की ६.२५क = −१६.२५, म्हणून क = −२.६, ख = ०.४, ग = २.४ अँपिअर. बॅटरी २.६ अँपिअरने भरते आहे. मोठ्या पॅनेलवर १३.३ व्होल्ट, लहानावर १३.२; मधल्या तारेत ०.१ व्होल्ट खर्च झाले, जे ०.२५ गुणिले ०.४ बरोबर आहे. नवा पॅनेल २ अँपिअरचा, पण भाराची धारा वाढली फक्त ०.१५ अँपिअरने, बाकीची सारी बॅटरीत गेली.

इथवर रीत सरळ आहे. तिच्याआधी विचारायचा प्रश्न मात्र पुस्तकात क्वचित भेटतो: स्रोत सामाईक आहे तो परिपथामुळे, की नकाशामुळे? पहिल्या उदाहरणात बॅटरी, पॅनेल आणि भार ही तिन्ही त्याच दोन तारांमध्ये जोडलेली आहेत. पॅनेल मध्येच काढला पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही. तो डाव्या टोकाला काढला, मध्ये बॅटरी आणि उजवीकडे भार ठेवला, तर डाव्या मेशच्या बाहेरच्या कडेवर पॅनेल येतो आणि त्या मेशची धारा कोणतेही समीकरण न लिहिता ३ अँपिअर. उरलेल्या मेशचे एकच समीकरण:

१२ − ०.५(ख − ३) − ५.५ख = ०

६ख = १३.५, ख = २.२५. उत्तर तेच, मेहनत अर्धी. दोन पॅनेलच्या परिपथातही मोठा पॅनेल डाव्या टोकाला आणि लहान उजव्या टोकाला नेला तर दोन मेशधारा बसल्या जागी मिळतात, ३ आणि −२, आणि मधल्या मेशचे एक समीकरण ०.४ अँपिअर सांगून मोकळे होते. तीन अज्ञातांच्या जंजाळाचे एका ओळीत काम झाले.

एकच धारास्रोत असेल आणि परिपथ कागदावर तारा न ओलांडता काढता येत असेल, तर तो स्रोत बाहेरच्या कडेवर आणता येतोच. कारण असे की अशा नकाशात प्रत्येक शाखेच्या दोन बाजूंना दोन घरे असतात, आणि कागदाबाहेरचा मोकळा भाग हेही एक घरच. कोणते घर बाहेर ठेवायचे हे काढणाऱ्याच्या हातात असते. स्रोताच्या शेजारचे एक घर बाहेरचे केले की काम झाले. तेव्हा एकाच सामाईक धारास्रोतासाठी सुपरमेश ही सोय आहे, गरज नाही.

गरज पडते ती स्रोत दोन असून एकाच घराच्या कडेवर दोन्ही आणता येत नाहीत तेव्हा. याचे सर्वांत लहान उदाहरण म्हणजे व्हीटस्टन सेतूचा आकार. चार बिंदू, प्रत्येक बिंदू उरलेल्या तिघांशी जोडलेला, एकूण सहा शाखा. या नकाशात चार घरे पडतात, बाहेरचे धरून, आणि चारही त्रिकोणी. समोरासमोरच्या दोन शाखा एकाही त्रिकोणात एकत्र येत नाहीत. पुरवठ्याची शाखा आणि मधल्या सेतूची शाखा या अशाच समोरासमोरच्या. दोन्हींत धारास्रोत असतील तर नकाशा कसाही फिरवा, एक कडेवर येतो आणि दुसरा आत अडकतो.

चार बिंदूंना त, थ, द, ध म्हणू. पुरवठा त मध्ये ६ अँपिअर सोडतो आणि द मधून परत घेतो. सेतूतला स्रोत थ कडून ध कडे १ अँपिअर नेतो. रोध असे: त-थ २ ओहम, थ-द ३ ओहम, त-ध ४ ओहम, ध-द १ ओहम. पुरवठा कडेवर, म्हणून त्याच्या मेशची धारा ६ हे ठरलेले. ती त-ध-द वाटेने जाते असे घेऊ. त-थ-ध या मेशची धारा क, थ-द-ध या मेशची ख. सेतूच्या शाखेत क − ख = १. सुपरमेशची फेरी त, थ, द, ध आणि परत त:

२क + ३ख − १(६ − ख) − ४(६ − क) = ०

म्हणजे ६क + ४ख = ३०. क = ख + १ घातले की ख = २.४ आणि क = ३.४. त-ध मधून २.६, ध-द मधून ३.६ अँपिअर; ध मध्ये २.६ आणि सेतूतून आलेली १ मिळून ३.६, हिशेब जुळला.

या उत्तरात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. थ हा बिंदू त पेक्षा ६.८ व्होल्टने खाली, ध १०.४ व्होल्टने खाली. म्हणजे थ हा ध पेक्षा ३.६ व्होल्टने वर. सेतूतला स्रोत धारा वरून खाली नेतो आहे. तो शक्ती देत नाही, ३.६ वॅट घेतो आहे. पुरवठा १४ व्होल्टवर ८४ वॅट देतो, चार रोधांत ८०.४ खर्च होतात, उरलेले ३.६ या ‘स्रोता’च्या पोटात. नाव स्रोत असले तरी तो नेहमी देणाराच असतो असे नाही. किती धारा वाहणार एवढेच त्याने बांधून दिलेले असते. पॅनेलच्या बाबतीत हा प्रकार माळेत दिसतो. एकसरीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर झाडाची सावली पडली, तर बाकीचे पॅनेल आपली धारा त्यातून रेटू पाहतात आणि सावलीतले सेल शक्ती घेऊन तापतात. ते टाळण्यासाठीच पॅनेलच्या मागच्या डब्यात बायपास डायोड बसवलेले असतात. जास्तीची धारा सेल सोडून डायोडमधून जाते.

धारास्रोताच्या कल्पनेला मर्यादा आहेत आणि समीकरणे त्या स्वतःहून दाखवतात. खोपडीच्या परिपथात बॅटरीची तार सुटली तर क शून्य, ख ३, आणि भारावर १६.५ व्होल्ट. १२ व्होल्टचा दिवा अशाने जातो. हिवाळ्यातल्या सकाळी पॅनेल १६.५ व्होल्टवरही पूर्ण धारा देऊ शकतो. मे महिन्यात तापलेल्या पॅनेलचे व्होल्टेज खाली सरकते, त्यामुळे धारा ३ च्या आतच थबकते आणि नुकसान थोडे कमी होते. भाराचीही तार सुटली तर क आणि ख दोन्ही शून्य असायला हवेत आणि ख − क मात्र ३. या समीकरणांना उत्तरच नाही. खरा पॅनेल तेव्हा २१-२२ व्होल्टवर जाऊन बसतो आणि धारा देणे बंद करतो, म्हणजे धारास्रोत राहतच नाही.

सगळेच धारास्रोत इतके समजूतदार नसतात. कुठल्याही ३३/११ केव्ही उपकेंद्रात मीटर आणि रिले यांना धारा पुरवणारा करंट ट्रान्सफॉर्मर, लाईनवाल्यांच्या भाषेत सीटी, हाही दुय्यम बाजूने धारास्रोतच. त्याची धारा मुख्य लाईनमधल्या धारेवर ठरते, सहसा १ किंवा ५ अँपिअरच्या मापात. त्याची दुय्यम बाजू मोकळी सोडली तर मुख्य धारा थांबत नाही, आणि मोकळ्या टोकांवर जीवघेणे व्होल्टेज चढते. म्हणून मीटर काढण्याआधी सीटीची टोके शॉर्ट करायची, हा उपकेंद्रातला पहिला धडा. व्होल्टेज स्रोताला शॉर्ट वाईट, धारास्रोताला मोकळे टोक वाईट.

काही धारास्रोतांची धारा ठरलेली संख्या नसून परिपथातल्याच दुसऱ्या धारेवर किंवा व्होल्टेजवर अवलंबून असते. ट्रान्झिस्टरचे प्रतिरूप हे त्याचे नेहमीचे उदाहरण. कलेक्टरची धारा बेसच्या धारेच्या ठरावीक पट. असा परावलंबी स्रोत दोन मेशमध्ये सामाईक असला तरी सुपरमेशची फेरी तीच. जोडसमीकरणात उजव्या बाजूला ३ ऐवजी त्या नियंत्रक धारेचा पट येतो, आणि ती धारा मेशधारांत मांडून घेतली की झाले. एक खबरदारी मात्र हवी: नियंत्रक राशी सुपरमेशने वगळलेल्या शाखेचे व्होल्टेजच असेल, तर ते व्होल्टेज लपवता येत नाही. तिथे व अज्ञात म्हणून ठेवून दोन वेगळ्या फेऱ्याच लिहाव्या लागतात.

मेश की नोड, हा निवडीचा प्रश्न उरतो. खोपडीचा परिपथ नोड पद्धतीने पाहिला तर वरच्या तारेचे व्होल्टेज ही एकच अज्ञात राशी. बॅटरीकडून येणारी धारा (१२ − व) भागिले ०.५, पॅनेलची ३, आणि भाराकडे जाणारी व भागिले ५.५; एका ओळीत व = १२.३७५. सामाईक धारास्रोत नोड पद्धतीला अडचण नसून मदतच आहे, कारण तिथे धारांचीच बेरीज करायची असते. तेव्हा धारास्रोत पुष्कळ आणि नोड थोडे असतील तर मेशचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. मेश पद्धतीची बाजू वरचढ ठरते ती एकसरीतले रोध आणि व्होल्टेज स्रोत अधिक असतील, आणि शोधायची राशी धाराच असेल, तेव्हा. शिवाय तारा ओलांडल्याशिवाय काढता न येणाऱ्या परिपथाला मेश पद्धत लागूच होत नाही. तिथे फेऱ्या वेगळ्या रीतीने निवडाव्या लागतात.

परिपथ सोडवणाऱ्या संगणकीय प्रणालींनी नोडची बाजू घेतली. बर्कली येथे १९७० च्या दशकात तयार झालेली स्पाईस ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. नोड पद्धतीत अडचण उलटी येते: धारास्रोत सोपे, आणि व्होल्टेज स्रोत अवघड, कारण त्यांची धारा आधी माहीत नसते. हाताने सोडवणारा तिथे दोन नोड मिळून एक सुपरनोड करतो. संगणकासाठी हो, रूली आणि ब्रेनन यांनी १९७५ मध्ये सुधारित नोड पद्धत मांडली. तिच्यात काहीही वगळत नाहीत. अज्ञात राशी जास्तीची म्हणून ठेवतात आणि स्रोताचे समीकरण तिच्या जोडीला लिहितात. वर खोपडीच्या परिपथात पॅनेलच्या व्होल्टेजला व नाव देऊन तीन अज्ञातांची तीन समीकरणे लिहिली होती, तीच ही चाल, फक्त व्होल्टेजच्या जागी धारा. एखादे समीकरण वाढले म्हणून संगणकाचे काही अडत नाही, आणि कोणता स्रोत कडेवर, कोणता मध्ये, याचा विचार त्याला करावाच लागत नाही.